वाचक विचारतात : शेपटीला कडी असलेला तो कोण?

रात्री फिरणाऱ्या लहान प्राण्यांविषयी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही यावेळी घेतली आहेत. बऱ्याच पत्रांत एक नाव पुन्हा पुन्हा आलं आहे, ते म्हणजे रिंगटेल, अमेरिका खंडातला रॅकूनच्या कुळातला एक लहान प्राणी. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न (कोरेगाव) : गोठ्याबाहेरच्या सीसीटीव्हीत रात्री अडीचच्या सुमारास मांजराएवढा, निमुळत्या तोंडाचा प्राणी दिसला. शेपटीला काळी-पांढरी कडी आहेत. मुलाने स्क्रीनचा फोटो काढून प्राणी ओळखणाऱ्या ॲपमध्ये टाकला, तर ‘रिंगटेल, रॅकूनच्या कुळातला’ असं उत्तर आलं. हा आपल्याकडे कसा आला?

उत्तर : तुमच्या गोठ्याजवळ आलेला प्राणी रिंगटेल नाही. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून तो जवादी मांजर आहे. काही ठिकाणी त्याला कस्तुरी मांजर म्हणतात. तो मूळचा इथलाच. कोरेगाव-खटावच्या माळाला, बांधावरच्या घाणेरीत, दगडी तालींच्या पोकळीत, ओढ्यावरच्या मोरीत तो दिवसभर झोपतो आणि अंधार पडला की उंदीर, किडे, बेडूक, पडलेली फळं शोधत निघतो. गोठ्याकडे तो बहुधा उंदरांसाठीच येतो. कडब्याच्या गंजीत उंदीर असतातच.

ॲप चुकलं त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. स्क्रीनच्या फोटोला ठिकाणाची नोंद चिकटलेली नसते, त्यामुळे ॲपच्या दृष्टीने तो प्राणी जगात कुठलाही असू शकतो. शिवाय रात्रीच्या कॅमेऱ्यात रंग जातात आणि अंगावरचे ठिपके पुसट होतात. उरतात ती शेपटीवरची ठळक कडी, आणि कडीवाल्या शेपटीचे सगळ्यात जास्त फोटो रिंगटेल आणि रॅकूनचे असतात. फोटो टाकताना ठिकाण हाताने भरा, म्हणजे निम्मी चूक तिथेच टळेल.

दोघांतला फरक डोळ्यांनीही ओळखता येतो. रिंगटेलची शेपटी त्याच्या धडाएवढी, कधी त्याहून लांब असते आणि झुपकेदार असते. तिच्यावर काळे-पांढरे मिळून १४ ते १६ पट्टे असतात, पण काळे पट्टे शेपटीच्या खालच्या अंगाला जुळत नाहीत. डोळ्यांभोवती पांढरी वलयं असतात आणि अंगावर ठिपका नसतो. जवादीची शेपटी धडाहून बरीच आखूड असते, तिच्यावर साधारण ६ ते ९ गडद कडी असतात, कुशीवर ठिपक्यांच्या ओळी असतात, पाठीवर लांब रेघा असतात आणि पाय काळपट असतात. वजनात तर मोठाच फरक. रिंगटेल किलो-सव्वा किलोचा, जवादी २ ते ४ किलोचा.

आकाराचा अंदाज चुकू नये म्हणून कॅमेऱ्यासमोरच्या भिंतीवर किंवा खांबावर जमिनीपासून २०, ४० आणि ६० सेंटीमीटरवर ऑइलपेंटच्या रेघा ओढा. दुसरा कॅमेरा लावणार असाल तर छपराला लावू नका. वरून फक्त पाठ दिसते. जमिनीपासून ३० ते ४० सेंटीमीटर उंचीवर, वाटेपासून दोन-अडीच मीटर अंतरावर लावा. त्याहून जवळ लावला तर रात्रीच्या उजेडाने प्राणी पांढराफटक उमटतो आणि काहीच कळत नाही.

आणखी एक शक्यता तपासून घ्या. रानमांजराच्या शेपटीलाही कडी असतात, पण फक्त टोकाकडे आणि मोजकीच. त्याची शेपटी आखूड असते, पाय लांब असतात, तोंड गोल असतं. तोंड निमुळतं असेल तर रानमांजर बाद.

प्रश्न (वाई) : मुलगी अमेरिकेत ॲरिझोना राज्यात असते. तिथल्या एका दरीत रात्री मुक्काम असताना रिंगटेलने खाण्याची पिशवी उचकली, असं ती म्हणाली. सरळ उभ्या खडकावरून तो डोकं खाली करून उतरला म्हणे. हे शक्य आहे का? आणि हा प्राणी नेमका कसा असतो?

उत्तर : मुलीने पाहिलं ते खरं आहे. रिंगटेलच्या मागच्या पायांचा घोटा असा घडलेला आहे की पाऊल १८० अंश फिरतं, म्हणजे पंजा चक्क मागे वळतो. उतरताना मागचे पंजे उलटे होऊन वरच्या बाजूला खडकात नख्या रोवतात आणि अंग जणू मागून टांगलेलं राहतं. मांजराला हे जमत नाही. म्हणून ते झाडावर चढतं झपाट्याने आणि उतरताना मात्र शेपटी पुढे करून सरकत येतं. आपल्याकडे हाच प्रकार बघायचा असेल तर चिंचेच्या खोडावरून उतरणारी खार बघा, किंवा महाबळेश्वर-कोयनेच्या रानात शेकरू. दोघांचेही मागचे पंजे उतरताना असेच वळतात. खार दिवसा दिसते आणि थांबून बघू देते, त्यामुळे घोट्याची गंमत समजून घ्यायला तिच्यासारखा शिक्षक नाही.

रिंगटेलच्या नख्या अर्ध्या आत ओढता येतात आणि तळव्याला केस असतात. अरुंद कपारीत तो एका भिंतीला पाठ आणि दुसरीला पाय टेकवून, जुन्या विहिरीत माणूस उतरतो तसा, वर-खाली जातो. कपार रुंद असेल तर एका भिंतीवरून दुसरीवर आपटत उड्या घेत चढतो. लांब शेपटी तोल सांभाळते. शत्रू मागे लागला तर तीच शेपटी पाठीवर उलटी वळवून तो केस फुलवतो. त्यामुळे तो आहे त्याहून मोठा दिसतो आणि झडप घालणाऱ्याचं लक्ष मानेऐवजी शेपटीवर जातं. मोठी शिंगाळी घुबडं, कोयोट (कोल्ह्या-लांडग्यासारखा प्राणी), बॉबकॅट (तिथलं रानमांजर) हे त्याचे शत्रू.

त्याचं रान म्हणजे अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि मेक्सिको. ओरेगॉन, कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, कोलोरॅडो, ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास, ओक्लाहोमा आणि खाली मेक्सिकोतल्या ओआहाकापर्यंत. कोरड्या, खडकाळ दऱ्या त्याला मानवतात. माण तालुक्यातल्या उघड्या डोंगरांवर मे महिन्यात जसं ऊन आणि दगड असतो, तशा प्रदेशात हा प्राणी राहतो. खाण्यात पुरेसं मांस किंवा रसदार फळं मिळाली तर वेगळं पाणी न पिताही तो तग धरतो, कारण त्याची मूत्रपिंडं लघवी फार घट्ट करतात आणि पाणी वाया जाऊ देत नाहीत. उंदीर, घुशीच्या जातीचे प्राणी, पाखरं, सरडे, विंचू, टोळ, जुनिपरची फळं, घायपाताच्या फुलांतला मध असं जे त्या ऋतूत मिळेल ते खातो. एका बिळात फार दिवस राहत नाही. दोन-तीन दिवसांनी जागा बदलतो.

मादीला ५१ ते ५४ दिवसांनी, बहुधा मे-जूनमध्ये, १ ते ४ पिल्लं होतात. जन्मतः ती आंधळी असतात. डोळे उघडायला महिनाभर लागतो आणि दोन महिन्यांची झाली की आईबरोबर शिकारीला निघतात.

त्याच्या नावांतच त्याचा इतिहास आहे. शास्त्रीय नाव बॅसॅरिस्कस ॲस्ट्युटस, म्हणजे चतुर छोटा कोल्हा. मेक्सिकोतल्या नावाटल भाषेत त्याला ‘त्लाकोमिझ्त्ली’ म्हणत. अर्थ अर्धा पुमा (पुमा म्हणजे अमेरिकेतलं मोठं रानमांजर). तेच नाव स्पॅनिशमधून इंग्रजीत येता येता ‘कॅकोमिसल’ झालं आणि आता ते मुख्यतः त्याच्या दक्षिणेकडच्या भावाला लावतात. तो मेक्सिकोपासून पश्चिम पनामापर्यंतच्या ओल्या जंगलात असतो. अमेरिकेतले खाणकामगार रिंगटेलला ‘खाणवाल्याचं मांजर’ म्हणत. एक खोकं घ्यायचं, त्याला लहान भोक पाडायचं आणि ते झोपडीत शेगडीजवळच्या उबेला ठेवायचं. रिंगटेल दिवसभर आत झोपे आणि रात्री झोपडीतले उंदीर संपवी. १९८६ मध्ये ॲरिझोनाने त्याला आपला राज्य सस्तन प्राणी ठरवलं.

मुलीला एवढंच सांगा की तिथे कापडी किंवा प्लास्टिकची पिशवी उपयोगाची नाही. ती झाडाला टांगली तरी तो दोरीवरून उतरतो. झाकण घट्ट बसणारा धातूचा डबा हवा. फेकलेलं उष्टं, फळांच्या सालीसुद्धा त्याच डब्यात. आणि गोंडस दिसतो म्हणून हातातून खायला देऊ नये. माणसाकडून खायला मिळतं हे एकदा कळलं की तो रोज येतो, आणि पुढे चावल्याची तक्रार झाली की शिक्षा त्या प्राण्यालाच होते.

प्रश्न (मिरज) : रॅकूनच्या कुळातलं भारतात रानात कोणीच नाही का? लाल पांडा त्याच कुळातला असं आम्ही शिकलो होतो.

उत्तर : रानात कोणीच नाही. हे कुळ पूर्णपणे अमेरिका खंडातलं आहे. रॅकून, कोआटी, किंकाजू, ओलिंगो, रिंगटेल, कॅकोमिसल ही त्यातली मंडळी. यांपैकी कोआटी दिवसा फिरतो, बाकीचे मुख्यतः रात्रीचे. जर्मनीत आणि जपानमध्ये रॅकून आहेत, पण ते माणसाने नेऊन सोडलेले आणि आता तिथल्या पाखरांना, उभयचरांना जाचक झालेले. जर्मनीत १९३४ मध्ये सोडलेल्या मोजक्या रॅकूनांची आज प्रचंड संख्या आहे.

लाल पांडाबद्दल तुम्ही शिकलात ते त्या काळी बरोबर मानलं जाई. शेपटीला कडी, तोंडावर पट्टे, म्हणून त्याला रॅकूनजवळ बसवलं होतं. पुढे जनुकांच्या अभ्यासातून तो वेगळा निघाला आणि आता त्याचं स्वतंत्र कुळ आहे, ज्यात आज तो एकटाच उरलाय. भारतात तो सिक्कीम, दार्जिलिंग आणि अरुणाचलात आढळतो.

कड्यांवरून नातं ठरत नाही, हे इथे नीट ध्यानात घ्यावं. जवादी आणि रिंगटेल दिसायला एवढे सारखे, पण मांसभक्षकांच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एकीत कुत्रा, अस्वल आणि रॅकून, दुसरीत मांजर, मुंगूस, तरस आणि जवादी. या शाखा चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. म्हणजे रिंगटेल नात्याने कुत्र्याला जवळचा आणि जवादी मांजराला. रात्री फिरायचं, उंदीर-फळं खायची, अंधारात लपायचं, हे जगणं एकसारखं असल्याने रूप एकसारखं झालं.

आणि नवं काही सापडायचं राहिलं नाही असं समजू नका. याच कुळातला ओलिंगीतो हा कोलंबिया-एक्वाडोरच्या धुकट जंगलातला प्राणी २०१३ मध्ये नवीन जाती म्हणून जाहीर झाला. त्याची कातडी आणि कवट्या संग्रहालयांत कित्येक दशकं ओलिंगोच्या नावाखाली पडून होत्या.

प्रश्न (पाटण) : जुनं कौलारू घर आहे. दोन महिने पोटमाळ्यावर रात्री धावाधाव, सकाळी बियांनी भरलेली घाण. डांबराच्या गोळ्या टाकल्या, धूर केला, उपयोग नाही. पिंजरा लावून लांब सोडून द्यावं का? हा रॅकून असेल का?

उत्तर : रॅकून नाही. बियांनी भरलेली विष्ठा, तीही माळ्यावर आणि कुंपणाच्या भिंतीवर, ही उदमांजराची खूण आहे. त्यालाच कांडेचोर म्हणतात. (उदमांजर म्हणजे नदीतलं पाणमांजर नव्हे. नावातल्या ‘ऊद’मुळे हा घोळ नेहमी होतो.) वजन २ ते ५ किलो, तोंडावर काळा मुखवटा, डोळ्याखाली पांढरा ठिपका, शेपटी काळी आणि तिच्यावर कडी नाहीत. उंबर, जांभूळ, करवंद, शिंदीची फळं खाऊन तो बिया लांब टाकतो. तुमच्या भागातली अनेक उंबराची झाडं त्याच्यामुळेच उगवलेली असतात.

पिंजऱ्याचा विचार सोडा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार त्याला परवानगीशिवाय पकडणं, मारणं, पाळणं गुन्हा आहे. शिवाय उपयोगही नाही. भोक उघडं असेपर्यंत दुसरं उदमांजर येणारच, आणि लांब सोडलेल्याला अनोळखी रानात जागा आणि खाणं मिळत नाही. डांबराच्या गोळ्या तर आजच काढून टाका. त्यांचा वास खाली झोपणाऱ्या माणसांना, विशेषतः लहान मुलांना बाधतो. उदमांजर फक्त माळ्याचा कोपरा बदलतं.

करायचं ते असं. आधी वाट शोधा. सलग दोन-तीन दिवस संध्याकाळी अंधार पडल्यापासून तासभर अंगणात शांत बसा. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा, म्हणजे प्राणी बुजत नाही. वळचण, आढ्याजवळची सरकलेली कौलं, भिंतीला टेकलेल्या झाडाची फांदी, पन्हळीचा पाइप यांवर नजर ठेवा. बाहेर पडताना दिसलं नाही तर संशयित भोकाच्या तोंडाशी गव्हाच्या पिठाचा पातळ थर द्या. सकाळी ठसे बघा. पाच बोटं असतील तर उदमांजर. चार बोटं आणि नख्यांची खूण नाही, तर पाळीव किंवा रानमांजर. याहून खूप लहान, बारीक ठसे उंदीर-घुशीचे.

यानंतरचा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि सगळं तिथेच बिघडतं. पिल्लं आहेत का ते तपासा. दिवसा बारीक चिवचिवाट किंवा कुंईकुंई ऐकू येत असेल, आणि मोठं जनावर रात्रीतून दोन-तीनदा परत येत असेल, तर पिल्लं आहेत. मग भोक बुजवू नका. पिल्लं आत आणि आई बाहेर अडकली तर ती कौलं फोडते, आणि आत मेलेल्या पिल्लांच्या दुर्गंधीने घरात राहणं अवघड होतं. पिल्लं आईबरोबर बाहेर पडू लागेपर्यंत दोन-अडीच महिने थांबायला हवं. गैरसोय आहे, पण दुसरा सोपा मार्ग नाही.

पिल्लं नसतील तर मुख्य भोक सोडून बाकी सगळी आधी बुजवा. १ इंच घराची, १४ गेजची वेल्डमेश जाळी लाकडी पट्टीवर वॉशर घालून स्क्रूने बसवा. षटकोनी घरांची कोंबड्यांची जाळी वापरू नका, ती दातांनी आणि नख्यांनी उकलते. नुसता खिळा मारलेली जाळीही ओढून निघते. मग मुख्य भोकावर एकेरी दार लावा. त्याच वेल्डमेशचा ३० बाय ३० सेंटीमीटरचा तुकडा, वरच्या कडेला बिजागरी, फक्त बाहेरच्या बाजूला उघडेल असा. खालची आणि बाजूची कड चौकटीवर निदान ३ सेंटीमीटर चढायला हवी, नाहीतर प्राणी नखीने दार उचलून परत आत येतो. दार आपल्या वजनाने आपोआप पडायला हवं, त्यासाठी ते थोडं तिरपं लावा. पावसात बिजागरी गंजून दार अर्धवट उघडं राहतं, म्हणून तिला ग्रीस लावा. आत-बाहेर पीठ टाकून चार-पाच रात्री बघा. आतल्या पिठावर ठसा नाही असं सलग तीन रात्री झालं की दार काढून भोक कायमचं बुजवा.

छपरापासून अडीच मीटरच्या आतल्या फांद्या छाटा. पाइपवरून चढत असेल तर पाइपाभोवती दोन फूट उंचीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा. रात्री अंगणात कुत्र्या-मांजराचं खाणं ठेवू नका, पडलेले पेरू-चिकू संध्याकाळी उचला.

घाण काढताना कोरडी झाडू नका. धूळ श्वासात जाते. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा, पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या, मग खरडून पिशवीत भरा. कोणाला चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रेबीजची लस केव्हा आणि किती, ते डॉक्टर ठरवतील. हळद, चुना, मिरची जखमेत भरू नका.

(रिंगटेल अमेरिकेत लोकांच्या माळ्यावर शिरतो तेव्हाही हेच सगळं करतात. फरक इतकाच की तो किलोभर वजनाचा असल्याने त्याला मूठभर भोक पुरतं, आणि म्हणून तिथे भोकं शोधायला जास्त वेळ जातो.)

प्रश्न (तासगाव) : द्राक्षाच्या घडातले मणी रात्रीत गायब होतात. उदमांजर की वटवाघूळ?

उत्तर : वेलीखाली चघळून थुंकलेल्या सालीचे चपटे गोळे पडले असतील तर वटवाघूळ. मण्यांसकट देठ तुटून लोंबत असतील, आणि बांधाच्या दगडावर बियांची लांबट विष्ठा असेल, तर उदमांजर. नुकसान फक्त दिवसा वाढत असेल तर पाखरं किंवा खार. उदमांजराला रोखायचं तर खालच्या घडांना जाळीच्या पिशव्या बांधणं सर्वांत बरं. संबंध बागेला वीजप्रवाहाची तार लावू नका. तिने माणूसही मरतो.

प्रश्न (कराड) : मोबाईलवर एका विक्रेत्याने ‘किंकाजू, हाताळलेलं पिल्लू’ अशी जाहिरात दिली होती. हा रॅकूनचा नातेवाईक घरात पाळता येतो का?

उत्तर : पाळू नका, आणि कारणं केवळ कायद्याची नाहीत. किंकाजू मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या झाडांच्या शेंड्यांवर राहणारा प्राणी. दीड ते साडेचार किलो वजन, फांदीला गुंडाळता येणारी शेपटी, फुलांतला मध चाटायला लांब जीभ, खाणं बहुतांशी पिकलेली फळं. तो वीस वर्षांहून जास्त जगतो. म्हणजे आज हौसेने आणलेलं पिल्लू तुमची मुलं लग्नाची होईपर्यंत रोज रात्री जागणार आणि दिवसा झोपणार. वयात आल्यावर, विशेषतः झोपेतून अचानक जागं केल्यावर, तो खोल चावतो, आणि चावताना सोडत नाही. रॅकूनकुळातल्या प्राण्यांच्या पोटात बेलिसास्कॅरिस नावाचे गोलकृमी असू शकतात. त्यांची अंडी विष्ठेतून पडतात, मातीत बराच काळ टिकतात, आणि माणसाच्या पोटात गेल्यास अळ्या मेंदूपर्यंत पोचू शकतात. घरात रांगणारं मूल असेल तर हा धोका कोणत्याही हौसेपेक्षा मोठा आहे.

परदेशी वन्यप्राणी देशात आणायला आयात परवाना, आरोग्य तपासणी, विलगीकरण लागतं. विक्रेता या कागदांऐवजी ‘सगळं कायदेशीर आहे’ असं फक्त तोंडी सांगत असेल, तर ते पिल्लू चोरट्या मार्गाने आलं आहे असं समजावं. एका पिल्लासाठी वाटेत किती मेली, हे खरेदी करणाऱ्याला दिसत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा.

प्रश्न (शिराळा) : ऊसतोडीच्या वेळी पाचटात तीन पिल्लं सापडली. टोळीतल्या बायकांनी दूध पाजलं. एक मेलं. काय चुकलं?

उत्तर : दूध पाजायला नको होतं. गाई-म्हशीचं दूध अशा पिल्लांना पचत नाही, हगवण लागते आणि अंगातलं पाणी जातं. पिल्लाला उताणं धरून चमच्याने पाजलं तर दूध श्वासनलिकेत जातं, आणि एक-दोन दिवसांत न्यूमोनियाने ते मरतं. त्या बायकांनी मायेपोटी केलं, पण पिल्लाला त्या वेळी दुधापेक्षा ऊब आणि आई हवी असते.

पुढच्या वेळी असं करा. आधी लांबून ओळखा. अंगावर गुलाबासारखी ठिपक्यांची वर्तुळं, जाड पाय, गोल डोकं असेल तर बिबट्याची पिल्लं. सगळी माणसं मागे घ्या, आई जवळच असते, लगेच १९२६ ला कळवा. चांदोलीच्या पायथ्याच्या पट्ट्यात हा धोका नेहमीचा आहे. गोल तोंड, आखूड शेपटी, अंग फिकट, तर रानमांजर. निमुळतं तोंड आणि लांब शेपटी, तर जवादी किंवा उदमांजर.

बिबट्या नसेल तर पिल्लांच्या भोवतीचा ऊस त्या दिवशी तसाच उभा ठेवा, चारी बाजूंनी दहा-बारा पावलं. तोड दुसऱ्या टोकाला वळवा. पिल्लांना हात लावायची वेळच आली तर रबरी मोजे घालून प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये त्याच जागी ठेवा. कॅरेट उघडाच, तळाला पाचट, आणि आईला पिल्लू उचलून बाहेर नेता येईल एवढाच उथळ. खोल खोक्यातून आईला पिल्लू काढता येत नाही, ही नेहमीची चूक. थंडी असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा. नुसती बाटली अंगाला लावली तर भाजतं. अंधार पडायच्या आत कुत्री आणि माणसं तिथून लांब न्या. गर्दी हटली नाही तर आई येत नाही. बहुतेकदा ती रात्रीतून एकेक करून पिल्लं उचलून नेते. उजाडेपर्यंत नेली नाहीत तर वनविभागाला सांगा, तोपर्यंत तोंडात काहीही घालू नका.

प्रश्न (सातारा, इयत्ता सातवी) : रॅकून खाणं धुऊन खातो. रिंगटेलही धुतो का?

उत्तर : नाही. खरं तर रॅकूनही धूत नाही. त्याच्या पुढच्या पंजांची कातडी फार संवेदनशील असते आणि ओली झाली की स्पर्श जास्त कळतो. पाण्यात तो वस्तू चाचपून ओळखत असतो, आपल्याला ते धुणं वाटतं. रिंगटेल कोरड्या खडकातला, त्याच्याजवळ पाणी असतंच कुठे? तो खाऊन झाल्यावर मांजरासारखा पुढचा पंजा चाटतो आणि त्याने तोंड, कान पुसून काढतो.